गेममधली वस्तू विकताना कुठं अडतं: बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या नवख्यांसाठी

"दादा, बंदूक विकायची आहे, खरं बटणच दाबेना झालंय." असा निरोप भलत्याच्या हाती लागला तर तो थेट पोलीस स्टेशन गाठेल. ही बंदूक काउंटर-स्ट्राइक २ मधली, आणि विकायचा असतो तो तिच्यावरचा रंग. पोरं त्याला स्किन म्हणतात. शहापूर-वडगावपासून निपाणी, चिकोडी, खानापूरपर्यंत कॉलेजची पोरं रात्र रात्र हा गेम खेळतात. खेळता खेळता एखादी बरी स्किन हाताला लागते आणि ती विकून दोन पैसे करावेत असं वाटायला लागतं. त्यापुढं जे जे अडतं त्याबद्दल हे लिहितोय.

अडचणी तीन जातीच्या असतात. वस्तू बाजारात लावताच येत नाही, ही पहिली. लावली, खरं कुणी घेईना, ही दुसरी. विकली गेली, पैसे स्क्रीनवर दिसतात, हातात मात्र येत नाहीत, ही तिसरी. पहिल्या दोन्हींना धीर आणि थोडी आकडेमोड पुरते. तिसऱ्या ठिकाणी पोरं घाईला येतात आणि नागवली जातात. तुमची अडचण यातली कुठली, ते आधी ओळखा. बाजारात वस्तू लागत नाही म्हणून बाहेरच्या कुणाला तरी विकायला निघालेली पोरं पहिल्या अडचणीतून उठून थेट तिसरीत पडतात.

मी धरून चालतोय तो बाजार स्टीमचा, म्हणजे कम्युनिटी मार्केट. स्टीम हे काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचं कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान. तो डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाला, काउंटर-स्ट्राइकमध्ये स्किन आल्या ऑगस्ट २०१३ मध्ये, आणि भारतातल्या खात्यांना रुपयात भाव दिसायला लागले नोव्हेंबर २०१५ पासून. डोटा २ आणि टीम फोर्ट्रेस २ च्या वस्तू, शिवाय कितीतरी गेमची ट्रेडिंग कार्डं तिथंच विकली जातात, नियमही जवळपास तेच. मोबाइलवर बीजीएमआय खेळणाऱ्यांनी मात्र इथंच थांबलेलं बरं. त्या गेममधली वस्तू दुसऱ्याला विकायला अधिकृत बाजारच नाही. लोक विकतात ती आख्खी आयडी, आणि ते कंपनीच्या नियमात बसत नाही. वर पुन्हा पैसे मोजून घेतलेली आयडी मूळ मालक जुन्या ईमेलवरून परत ओढून घेऊ शकतो. त्या धंद्यात पायऱ्या समजावून सांगाव्यात असं काही नाही.

पायरी १: वस्तू विकाऊ आहे का ते बघा

इन्व्हेंटरी, म्हणजे खात्यातल्या वस्तूंची यादी, उघडा, वस्तूवर क्लिक करा आणि उजव्या बाजूचा मजकूर शेवटपर्यंत वाचा. तिथं 'ट्रेडेबल' आणि 'मार्केटेबल' अशा दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे दुसऱ्या खेळाडूला देता येते, दुसरी म्हणजे बाजारात लावता येते. 'नॉट मार्केटेबल' लिहिलेलं असेल तर पुढं काहीच करायचं उरत नाही. सेवा पदकं, नाणी, गेमबरोबर आलेल्या साध्या बंदुका यांतल्या कशालाही गिऱ्हाईक मिळत नाही, कारण त्या खात्याला चिकटलेल्या असतात.

केस, म्हणजे आतून कुठली स्किन निघेल ते नशिबावर असलेली बंद पेटी, उघडायच्या किल्ल्यांबद्दल हमखास विचारलं जातं. ऑक्टोबर २०१९ च्या शेवटी काउंटर-स्ट्राइकच्या नव्या किल्ल्यांची विक्री आणि देवाणघेवाण व्हॉल्व्हनं बंद केली. चोरीचा पैसा फिरवायला जगभरच्या टोळ्या या किल्ल्या वापरत होत्या, असं कारण तेव्हा दिलं होतं. म्हणून गेममधून आज विकत घेतलेली किल्ली तुमच्याच खात्यात राहणार. विकायच्या इराद्यानं किल्ल्या घेऊन ठेवू नका.

'अमुक तारखेनंतर' असं लिहिलेलं असेल तर ती वस्तू चांगली आहे, फक्त थांबायचं आहे. बाजारातून घेतलेली किंवा ट्रेडमध्ये मिळालेली काउंटर-स्ट्राइकची वस्तू सात दिवस अडकून असते. तारीख वाचा, मोबाइलवर आठवण लावा, दुसऱ्या कामाला लागा. आणि स्टोरेज युनिटमध्ये टाकलेली वस्तू आधी गेममध्ये जाऊन बाहेर काढावी लागते. आत असताना ती विकायच्या यादीत दिसत नाही.

पायरी २: खातं बाजाराच्या लायकीचं करा

बटण दाबेना होतं ते बहुतेक वेळा इथं. आज खातं काढून उद्या विक्री, हे स्टीमवर होत नाही. चार अटी आहेत आणि त्यातल्या पहिल्या तीन एकदम पुऱ्या व्हाव्याच लागतात.

खात्यातून आजवर किमान पाच डॉलरइतकी खरेदी झालेली हवी, नाहीतर खातं 'लिमिटेड' राहतं. स्टीमच्या दुकानातून केलेली एक तरी खरेदी सात दिवसांपेक्षा जुनी आणि वर्षाच्या आतली हवी. फुकटात घेतलेले गेम मोजत नाहीत. स्टीम गार्ड, म्हणजे लॉगिनच्या वेळी कोड मागणारी व्यवस्था, पंधरा दिवस चालू असायला हवी. आणि मोबाइल ऑथेंटिकेटर, म्हणजे तो कोड मोबाइलवरच्या स्टीम ॲपमध्ये तयार करणारी सोय, सात दिवस जुना हवा. ही चौथी अट पाळली नाही तरी वस्तू लावता येते, खरं ती पंधरा दिवसांपर्यंत बाजूला धरून ठेवतात आणि मगच बाजारात दिसते. पोरांना वाटतं बाजार बिघडलाय.

तेव्हा शहाणपण हे, की विकायचा विचार मनात यायच्या आधीच सगळं एका बैठकीत लावून टाकावं. ईमेल पक्का करा, फोन नंबर जोडा, मोबाइलवर स्टीमचं ॲप घालून ऑथेंटिकेटर चालू करा, एक लहानसा गेम यूपीआयनं घ्या. वर्षानुवर्षं काही खरेदी न केलेल्या जुन्या खात्यालाही हीच गोळी: एक खरेदी, आणि आठवडाभर दम.

सगळं जागेवर असतानाही काही गोष्टी केल्या की मुदत नव्यानं सुरू होते. पासवर्ड विसरून रिसेट केला की पाच दिवस बाजार बंद. नव्या कॉम्प्युटरवरून लॉगिन केलं की सात दिवस अडकू शकतात. आपल्याकडं हे हमखास घडतं गणपतीत. पुण्याला किंवा बंगळूरला शिकायला गेलेला पोरगा सुट्टीला घरी येतो, लॅपटॉप तिकडंच ठेवलेला असतो, म्हणून मावसभावाच्या पीसीवर खातं उघडतो. आरास बघून झाली, विसर्जन झालं, परत जायची वेळ आली तरी विक्री काही उघडत नाही. गेमिंग कॅफेचंही तेच, आणि तिथं धोका वेगळाच, कारण त्या कॉम्प्युटरवर आधीच्या गिऱ्हाइकानं काय घालून ठेवलंय ते कॅफेवाल्यालाही ठाऊक नसतं. विकायचं काम स्वतःच्याच यंत्रावर करा. आणि वाईट वाटून बँकेकडून खरेदीचे पैसे परत मागवलेत तर बाजार बराच काळ विसरा. अशा वादाची नोंद खात्यावर राहते.

या सगळ्या मुदतींचा राग येतो, मान्य. खरं त्या तुमच्यासाठी घातलेल्या नाहीत. खातं चोरणाऱ्याला सगळ्यात महत्त्वाची असते घाई. मालक जागा व्हायच्या आत माल हलवायचा असतो. सात दिवस थांबायला लावलं की त्याचा अर्धा धंदा बसतो.

खानापूर तालुक्यात पश्चिमेकडं, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी एक उपयोगाची गोष्ट. पावसाळ्यात तिकडं रेंज जाते, करंट जातो, आणि मग ऑथेंटिकेटर लावायलाच भीती वाटते. लॉगिनचा पाच अक्षरी कोड मोबाइल स्वतःच तयार करतो, त्याला नेट लागत नाही. फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं, म्हणून वेळ 'ऑटोमॅटिक'वर ठेवा. विक्रीला मंजुरी द्यायला मात्र नेट लागतंच. त्यामुळं वस्तू लावायचं काम रेंज असेल तिथं एका दमात उरका.

ऑथेंटिकेटर लावताना 'आर'नं सुरू होणारा एक रिकव्हरी कोड मिळतो. तो वहीत लिहून ठेवा. फोनच्या गॅलरीत त्याचा स्क्रीनशॉट ठेवून उपयोग नाही, फोनच गेला तर स्क्रीनशॉटही गेला. जुना मोबाइल विकायचा असेल तर आधी नव्या मोबाइलवर ऑथेंटिकेटर हलवा, मग दुकानात जा. उलट क्रमानं केलंत तर पुन्हा मुदती मागं लागतात.

पायरी ३: भाव लावा

वस्तूवर 'सेल' दाबलं की एक खिडकी उघडते. वरती गेल्या काही दिवसांच्या भावाचा आलेख, खाली दोन चौकोन. एका चौकोनात तुम्हाला मिळणारी रक्कम, दुसऱ्यात गिऱ्हाईक देणार ती. एकात आकडा टाकला की दुसरा आपोआप बदलतो. नवख्यांची पहिली चूक या दोन चौकोनांत होते.

समजा तुम्हाला १०० रुपये हवेत. त्यावर स्टीम ५ टक्के घेतं आणि काउंटर-स्ट्राइकसाठी गेमचे म्हणून १० टक्के. गिऱ्हाइकाला ११५ रुपये दिसतात. हिशेब तुमच्या १०० वर होतो, गिऱ्हाइकाच्या ११५ वर नव्हे, हे लक्षात ठेवा. नाहीतर ११५ चे १५ टक्के काढून ९७ रुपये ७५ पैसे असं भलतंच उत्तर येतं आणि दोन सव्वादोन रुपयांसाठी डोकं खाजवत बसता. १,१५० ची वस्तू विकली तर १,००० मिळतात. अगदी किरकोळ वस्तूंना हा कर फार लागतो, कारण दोन्ही फी कमीत कमी एकेक सेंट तरी घेतल्या जातातच. म्हणून तीन सेंटच्या कार्डामागं विकणाऱ्याला एक सेंट मिळतो. दहा-वीस कार्डं जमली म्हणून श्रीमंत झालो असं समजू नका.

आता आकडा किती टाकायचा. बाजाराच्या पानावर दोन गोष्टी दिसतात: सध्या विकायला लागलेल्यांत सगळ्यात स्वस्त कितीला आहे, आणि घेणाऱ्यांनी आधीच नोंदवून ठेवलेल्या मागण्यांत सगळ्यात वरची किती आहे. या दोन आकड्यांच्या मधे तुमचा भाव. घाई असेल तर वरच्या मागणीच्या भावाला लावा, लगेच जाते. घाई नसेल तर सगळ्यात स्वस्त लावलेल्यापेक्षा थोडंसं खाली. आलेख महिनाभराचा करून बघा, नुसता आजचा नको. एखाद्या दिवशी कुणीतरी वेड्यासारखा भाव देऊन जातो, तो खरा भाव नव्हे.

स्किनला झीज असते, आणि ती शून्य ते एक या आकड्यात मोजतात. ०.०७ च्या खाली 'फॅक्टरी न्यू', ०.१५ पर्यंत 'मिनिमल वेअर', ०.३८ पर्यंत 'फील्ड-टेस्टेड', ०.४५ पर्यंत 'वेल-वॉर्न' आणि त्यापुढं 'बॅटल-स्कार्ड'. गेममध्ये वापरून ही झीज वाढत नाही. स्किन जन्मते तेव्हाचा आकडा शेवटपर्यंत तोच. त्यामुळं 'मी ही वापरलेलीच नाही, नवीकोरी आहे' म्हणून जास्त मागण्यात अर्थ नाही. एकाच गटातसुद्धा फरक पडतो खरा: ०.०७ च्या जरा वर असलेली 'मिनिमल वेअर' ०.१४ वाल्यापेक्षा देखणी दिसते, आणि जाणकार गिऱ्हाईक थोडं जास्त देतं. स्टिकरचं मात्र मनाला लावून घेऊ नका. हौसेनं चिकटवलेल्या स्टिकरची किंमत स्किनच्या भावात क्वचितच पूर्ण वसूल होते.

भाव पडणं-चढणं गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या हातात असतं, हे ऑक्टोबर २०२५ मध्ये सगळ्यांनी बघितलं. त्या महिन्यात अपडेट आलं आणि पाच लाल, म्हणजे 'कव्हर्ट' दर्जाच्या स्किन देऊन सुरी किंवा हातमोजे मिळवायची सोय झाली. आधी सुरी मिळायची ती केसमधून, तीही नशिबानं. एका रात्रीत सुऱ्यांचे भाव कोसळले आणि इतके दिवस कुणी न विचारणाऱ्या लाल स्किन महागल्या. त्याआधीचा भाव मनात धरून बसलेले कित्येक जण तोच आकडा लावून 'खपेना' म्हणत राहिले. गुंतवणूक म्हणून स्किन घेऊन ठेवायचा सल्ला कुणी दिला तर हा महिना आठवा.

पायरी ४: मंजुरी द्या

आकडा टाकला, अटीच्या चौकोनात टिक केली, ओके दाबलं. अजून वस्तू लागलेली नाही. मोबाइलवरच्या स्टीम ॲपमध्ये 'कन्फर्मेशन्स'मध्ये जाऊन तिथं मंजुरी द्यायची. न दिलेली वस्तू बाजाराच्या पानावर 'अवेटिंग कन्फर्मेशन' म्हणून पडून राहते, इन्व्हेंटरीतून गेल्यासारखी वाटते आणि पोरगा घाबरून फोन करतो की माझी सुरी चोरीला गेली. मंजुरी देताना वस्तूचं नाव आणि रक्कम वाचा. १,२५० च्या जागी १२५ टाकल्याचं इथं कळलं तर बरं, विकल्यावर कळून उपयोग नाही.

पायरी ५: खपत नसेल तर

लावलेली वस्तू केव्हाही काढून घेता येते, दंड नाही. चार-आठ दिवसांत हलली नाही तर काढा, आलेख पुन्हा बघा, नवा भाव लावा. स्टीमचा मोठा सेल चालू असताना, म्हणजे जूनच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या उत्तरार्धात, गेम घ्यायला पैसे हवेत म्हणून पुष्कळ लोक एकदम माल काढतात. त्या आठवड्यात तुम्ही मात्र घेणाऱ्याच्या बाजूला असलेलं चांगलं.

पायरी ६: पैसा कुठं येतो ते समजून घ्या

विक्रीचे पैसे स्टीम वॉलेटमध्ये जमा होतात. तिथून बँकेत काढता येत नाहीत. आज नाही, महिन्यानं नाही, सपोर्टला लिहून नाही. हे मेसच्या कुपनासारखं आहे: जेवण मिळेल, खोलीचं भाडं त्यात देता येणार नाही. गेम घ्या, दुसऱ्या स्किन घ्या, मित्राला गेम भेट द्या, इतकंच.

माझं मत विचाराल तर नवख्यानं इथंच थांबावं. दोन-तीन हजारांच्या स्किन विकून वॉलेटमधून एखादा चांगला गेम घेतला, तर घरातून पैसे न मागता गेम आला, हा फायदाच की. रोख हवीच म्हणून पुढं जाणाऱ्यानं पुढची पायरी दोनदा वाचावी.

पायरी ७: रोखीच्या मागं जाण्याआधी

रोखीचे रस्ते दोन. एक, बाहेरच्या विक्रीच्या साइट. दोन, टेलिग्राम, डिस्कॉर्ड, व्हॉट्सॲपवर भेटलेला माणूस: तुम्ही स्किन द्या, तो यूपीआय करेल. स्टीम या दोन्हींची जबाबदारी घेत नाही. फसलात तर वस्तू परत मिळवून द्यायला सपोर्ट येत नाही, हे त्यांनी उघड लिहून ठेवलंय.

बाहेरच्या साइटवर जाणारच असाल तर एक बदल माहीत हवा. जुलै २०२५ पासून काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ट्रेड केलेली वस्तू सात दिवस संरक्षणात राहते, आणि देणारा त्या सात दिवसांत ट्रेड उलटवू शकतो. त्यामुळं साइटवाले विकणाऱ्याचे पैसे आठवडाभर रोखून धरतात. तुम्ही ट्रेड उलटवणार नाही याची त्यांना खात्री हवी असते. 'विकून पाच दिवस झाले, पैसे नाहीत' ही तक्रार आता तक्रारच नव्हे. नाव-ओळखीच्या कागदांचं आधीच बघून ठेवा. आपल्याकडं आधारवर 'एम.' एवढंच आद्याक्षर, पॅनवर वडिलांचं पूर्ण नाव आणि बँकेच्या पासबुकावर आडनावाचं तिसरंच स्पेलिंग, हे सर्रास असतं. माल विकून झाल्यावर पडताळणीत नाव जुळलं नाही की पैसे तिथंच लटकतात. आधी कागद जुळवा, पडताळणी पुरी करा, मग वस्तू द्या.

स्किन पणाला लावून खेळायच्या साइटवर मात्र अजिबात जाऊ नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालाय, आणि कायदा नसता तरी तिथं जिंकून बाहेर पडलेला कुणी मला भेटलेला नाही.

आता चोरी कशी होते ते जवळून बघू. एक अनोळखी खातं मित्र म्हणून जोडून घेतं. दोन दिवस गोड बोलतं. मग म्हणतं, माझ्या टीमला मत दे, किंवा तुझी स्किन या साइटवर किती रुपयांची आहे बघ. लिंक उघडली की स्टीमचंच लॉगिन पान दिसतं, हुबेहूब. पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडं असतं, तेवढं कुणी बघत नाही. नाव, पासवर्ड, मोबाइलवरचा कोड टाकला की चोर खात्यात शिरला. तो लगेच काही करत नाही. तुम्ही कुणाशी तरी खरा व्यवहार ठरवता, ऑफर पाठवता. त्या क्षणी तो तुमची खरी ऑफर रद्द करतो आणि दुसऱ्या खात्यावरून तशीच ऑफर उभी करतो: नाव तेच, फोटो तोच. मोबाइलवर मंजुरीची घंटी वाजते, तुम्हाला वाटतं आपलाच व्यवहार, अंगठा दाबला जातो. कुलूप तुम्ही स्वतःच्या हातानं उघडलेलं असतं.

यावर उपाय मंजुरीच्या त्या शेवटच्या स्क्रीनवरच आहे. समोरच्या खात्याची लेव्हल आणि ते खातं कधीपासून आहे, ही माहिती ऑफरमध्ये असते. दहा वर्षं जुन्या माणसाशी बोलत होतात आणि मंजुरीला आलेलं खातं कालपरवाचं असेल, तर नाकारा.

'चुकून तुझ्या खात्याची तक्रार केली, आता या ॲडमिनशी बोल नाहीतर बॅन होशील' असा निरोपही फिरतो. स्टीमचे कर्मचारी डिस्कॉर्डवर येऊन कुणाशी बोलत नाहीत, आणि 'तपासणीसाठी' वस्तू मागत तर कधीच नाहीत.

यूपीआयच्या बाजूला दोन खोड्या. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट बनवायला मिनिटभरही लागत नाही, म्हणून स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघितल्याशिवाय ट्रेड देऊ नका. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. समोरचा स्कॅन करायला सांगत असेल तर पैसे तुमच्याकडून जाणार आहेत.

या सगळ्यापेक्षा वाईट प्रकार पोरांना माहीतच नसतो. पैसे खरोखर येतात, स्किन जाते, दोघं खूश. पंधरा दिवसांनी बँकेतून कळतं की खात्यावर लीन लागलंय, म्हणजे रक्कम गोठवली आहे. कारण गिऱ्हाइकानं तुम्हाला पाठवलेला पैसा दुसऱ्या कुणाला तरी फसवून मिळवलेला होता. त्या माणसानं तक्रार केली, पोलिसांनी पैशाचा माग काढला, आणि साखळीत तुमचं खातं सापडलं. तक्रार कुठल्या तरी लांबच्या राज्यातली, तपास अधिकाऱ्याची भाषा वेगळी. आता विचार करा, पोराचं स्वतःचं खातं नाही म्हणून त्यानं बाबांचा यूपीआय नंबर दिलेला असतो, आणि उसाचं बिल त्याच खात्यावर जमा होतं. अथणी-चिकोडीकडच्या घरात याचा अर्थ काय होतो ते मी सांगायला नको. अनोळख्याकडून रोख घ्यायचीच असेल तर घरच्या मुख्य खात्यावर कधीही नको.

पायरी ८: घोटाळा झालाच तर

खातं चोरलं गेल्याचा संशय आला की क्रम असा. आधी ईमेलचा पासवर्ड बदला, मग स्टीमचा. ईमेल चोराच्या हातात असेल तर स्टीमचा पासवर्ड बदलून काही होत नाही. सगळ्या यंत्रांवरून लॉगआउट करा. स्टीमच्या वेब एपीआय की च्या पानावर जा (ही की म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला तुमच्या खात्यात काम करू देणारा लांबलचक कोड), तुम्ही न काढलेली की दिसली तर रद्द करा. काउंटर-स्ट्राइक २ ची वस्तू गेली असेल आणि सात दिवस उलटले नसतील, तर ट्रेड हिस्टरीमधून ट्रेड उलटवता येतो. मात्र संरक्षणातले सगळेच ट्रेड एकदम उलटतात, एकच निवडता येत नाही, आणि त्यानंतर तीस दिवस तुमचं ट्रेडिंग आणि बाजार बंद राहतो. सुरी परत येत असेल तर महिनाभर बंद राहिलेलं परवडतं.

बँकेतून पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त असते. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवताना राज्य कर्नाटक निवडा, तुमची बँकेची शाखा कागल-कोल्हापूरला असली तरी. निपाणीकडच्यांचा इथं हमखास घोळ होतो. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. प्रत्यक्ष जायचं झालं तर बेळगावात सीईएन पोलीस ठाणं आहे. सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे तिथं बघतात. जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो. तुम्हाला कन्नड वाचता येत नसेल तर वाचणारा कुणीतरी बरोबर न्या, सगळं वाचून घ्या, मग सही करा. 'स्किन' काय असते ते समोरच्या हवालदाराला ठाऊक असेलच असं नाही, म्हणून व्यवहाराचा कागद एका पानात तयार ठेवा: तारीख, वेळ, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, समोरच्याच्या स्टीम प्रोफाइलचा पत्ता, चॅटचे स्क्रीनशॉट. प्रोफाइलचं नाव मात्र पुरावा म्हणून चालत नाही, ते मिनिटात बदलता येतं. पत्त्यातला सतरा आकडी क्रमांक बदलत नाही, तो लिहा.

लीन लागलं असेल तर बँकेला आधी एवढंच विचारा: तक्रारीचा क्रमांक कोणता, कुठल्या ठाण्याची, किती रकमेवर. पुष्कळदा वादातली रक्कम तीन हजारांची असते आणि खातं मात्र आख्खं अडकतं. तेवढीच रक्कम रोखून बाकी खातं मोकळं करा, असा लेखी अर्ज शाखेत द्या, पोचपावती घ्या. त्याची एक प्रत तपास अधिकाऱ्याला ईमेलनं, सोबत ट्रेडचा पुरावा. ज्यानं पैसे पाठवले त्याला परस्पर परत करू नका. तो पैसा त्याचा नव्हताच, आणि परत केल्यावरही लीन तसंच राहतं.